अंगणभर पेव्हर, तर मग बागकामाच्या ग्रुपवर माझं काय काम?

खुशाल राहा ग्रुपवर. वडिलांनी अख्ख्या अंगणात पेव्हर बसवले, पार आंब्याच्या बुंध्याला टेकेपर्यंत, आणि तुमच्याकडे उरल्या फक्त कुंड्या. म्हणून कुणी सुनावलं की जमीन बुजवणाऱ्यांनी इथे येऊ नये. मीही इंदूरचाच. इथल्या काळ्या मातीचा चौमासातला चिखल ज्यानं चपलेखालून खरवडून काढलाय, तो फरशी घालणाऱ्याला एकदम नावं ठेवणार नाही. घरात म्हातारी माणसं असली, गाडी आत घ्यायची असली, की पेव्हर येतातच.

आणि सुनावणाऱ्यांचं लॉन कशावर हिरवं असतं? एक तर बोअरवर, नाहीतर नर्मदेवर. नर्मदेचं पाणी तिच्या काठच्या जलूदहून सुमारे 70 किलोमीटर, घाट चढवून आणावं लागतं. मे महिन्यात ते गवतावर सोडणारा पक्का बागवाला आणि कपबशा विसळलेलं पाणी मोगऱ्याला घालणारा उपरा, हा हिशेब मला तरी पटत नाही.

पण त्यांची तक्रार अगदीच पोकळ नाही. इंदूरला वर्षाला साधारण 900 मिलिमीटर पाऊस धरला तर 400 चौरस फुटांवर तेहतीस हजार लिटरच्या आसपास पाणी पडतं. काळी माती भिजली की फुगते आणि पाणी हळूहळूच पिते, त्यामुळे सगळं काही मुरत नाही. पण पेव्हरवरून तर बहुतेक सरळ रस्त्यावर जातं. इंग्लंडमध्ये 2008 पासून घरापुढच्या बागेत पाच चौरस मीटरहून जास्त जागा पाणी न मुरणाऱ्या फरशीनं झाकायची आणि वरचं पाणी मातीत मुरायला वाट ठेवायची नसेल, तर परवानगी काढावी लागते. दिल्लीत 2013 साली हरित लवादानं झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लावलं. आपल्या अंगणात विचारायला कुणी येत नाही, एवढंच.

तेव्हा वडिलांशी अख्ख्या अंगणावरून भांडू नका, फक्त आंब्याभोवतीची जागा मागा. पेव्हर बहुधा चुरीवर, म्हणजे दगडाच्या बारीक भुकटीवर, नुसते बसवलेले असतात. एक निघाला की बाकीचे हातानं सुटतात, फोडावे लागत नाहीत. (कोटा स्टोन असता तर कटर मशीन आणि दिवसभर धूळ.) चुरी पूर्ण काढा. खालची माती दगडासारखी झालेली असेल, ती पाणी घालून, खुरप्यानं वरवरच मोकळी करा. पहार घालू नका, बारीक मुळं वरच असतात. कमीत कमी मीटरभर घेर ठेवा, जास्त मिळाला तर उत्तम, कारण पाणी पिणारी मुळं बुंध्यापासून लांब पसरलेली असतात. वाळका पाला पसरा, पण बुंध्याला माती चढवू नका. घेर घराच्या भिंतीकडे मात्र वाढवू नका. काळी माती तिथे फुगली-आकसली की जोत्याला तडे जातात आणि मग वडील म्हणतील, बघ, सांगत होतो.

कुंड्या थेट पेव्हरवर ठेवू नका, खाली दोन विटा द्या, उन्हाळ्यात मुळं शिजतात. नुसती काळी माती भरली असेल तर वाळू आणि शेणखत मिसळा. हे सगळं जूनच्या पहिल्या पावसाआधी उरका. पेव्हर काढतानाचे फोटो ग्रुपवर टाका आणि कुणाला कलम, रोपं हवी असतील तर तिथेच विचारा.