‘महामंदी’ म्हणजे मोठी मंदी नव्हे

अमेरिकेच्या इतिहासावरच्या एका प्रकरणाचं मराठी भाषांतर करणाऱ्या एका शिक्षिकेनं विचारलं आहे: ‘पहिल्या महायुद्धानंतरच्या दशकातल्या बूमला तेजी आणि १९२९ नंतरच्या ग्रेट डिप्रेशनला महामंदी असं मी लिहिते आहे. पण “मंदी” हा शब्द मला फार सौम्य वाटतो. समईची ज्योत मंद असते, वारा मंद असतो. जिथे दर चार कामगारांमागे एकाच्या हातचं काम गेलं, तिथे मंद हा शब्द कसा वापरायचा? आणि “महा” जोडलं म्हणून तो पुरेसा होतो का?’ जाता जाता त्यांनी ‘इन्स्टॉलमेंट’ आणि ‘स्पीकईझी’ यांचे प्रतिशब्दही विचारले आहेत.

प्रश्न मला फार आवडला, कारण शब्द नुसता कोशातून उचलून न ठेवता बाईंनी तो हातात घेऊन जोखला आहे. माझं उत्तर आधीच सांगतो: महामंदी हाच शब्द ठेवा, तो बरोबर आहे. तेजी मात्र जपून वापरा. आता का, ते सांगतो.

मंदी हा आपल्याकडे मुळात बाजारातला शब्द. त्याचा जोडीदार तेजी. जोडी मोठी मजेची आहे. तेजी आली फारसीतल्या ‘तेज’वरून, म्हणजे धारदार, चपळ, संस्कृतातल्या तेजातून ती थेट आलेली नाही, दोघांचं मूळ दूरवर कुठेतरी एक आहे एवढंच. मंदी मात्र संस्कृत ‘मंद’ची लेक. दोन वेगळ्या घरांतले शब्द पेढीवर शेजारी बसले आणि तिथेच रमले. मुंबईच्या कापूस बाजारात तर तेजी आणि मंदी ही सौद्यांचीच नावं होती. भाव चढेल या अंदाजावर लावायची ती तेजी, उतरेल या अंदाजावर लावायची ती मंदी.

व्यापाऱ्याच्या तोंडी हे शब्द कधी एकटे येत नाहीत, हे लक्षात घ्या. कापसात तेजी, गुळात मंदी, सोन्यात तेजी. कशात, ते सांगावंच लागतं. ‘मालाला उठाव नाही’ म्हणताना आधी मालाचं नाव येतं, तसंच हे. तुमच्या प्रकरणाची अडचण नेमकी इथे आहे. युद्धानंतरच्या अमेरिकेत कशात तेजी होती? मोटारीत होती, रेडिओत होती, १९२८-२९मध्ये शेअर्समध्ये तर विचारूच नका. पण गव्हात नव्हती. युद्धकाळात युरोपला धान्य पुरवण्यासाठी शेतकऱ्यांनी कर्ज काढून जमिनी वाढवल्या होत्या. युद्ध संपलं, युरोपची शेतं पुन्हा उभी राहिली, सरकारनं गव्हाला दिलेली भावाची हमी १९२०मध्ये संपली, आणि दोन डॉलरच्या वर गेलेला गव्हाचा बुशेल (धान्य मोजायचं तिथलं माप) १९२१ संपेपर्यंत एका डॉलरच्या आसपास आला. कर्ज मात्र होतं तेवढंच राहिलं. त्या वेळी दर दहा अमेरिकनांपैकी सुमारे तीन जण शेतावर राहत होते. न्यू यॉर्कचा माणूस ज्या वर्षांना भरभराटीची वर्षं म्हणतो, ती कॅन्ससच्या शेतकऱ्याला मंदीची वर्षं होती. म्हणून ‘१९२०च्या दशकात अमेरिकेत तेजी होती’ हे वाक्य मराठीत अर्धंच राहतं. ‘शहरांत भरभराट होती, शेअर्समध्ये तेजी होती, शेतमालात मंदी होती’ असं लिहिलंत तर वाक्य थोडं लांबेल, पण खरं होईल. इंग्रजीतलं बूम हे सगळं एका आवाजात झाकून टाकतं. मराठीची सवय इथे आपल्या उपयोगाची आहे.

आता सौम्यपणाचा मुद्दा. त्यात तुम्ही जे हेरलंत ते डिप्रेशनलाही लागू आहे, हे बहुधा तुमच्या लक्षात आलं नसेल. १८७३, १८९३, १९०७ या सालांतल्या आर्थिक संकटांना अमेरिकेनं ‘पॅनिक’ म्हटलं होतं. पॅनिक म्हणजे घबराट, पळापळ. त्यापुढे डिप्रेशन हा केवढा शांत शब्द! मूळ अर्थ खाली दाबलं जाणं, खोलगट होणं. रस्त्यात खळगा असावा तसा. हवामानवाले तोच शब्द कमी दाबाच्या क्षेत्राला वापरतात आणि डॉक्टर मनाच्या आजाराला. अध्यक्ष हर्बर्ट हूवर आपल्या भाषणांतून डिप्रेशन हाच शब्द वापरत राहिले. लोकांनी घाबरू नये हीच त्यांची धडपड होती. १ मे १९३०च्या भाषणात त्यांनी सर्वांत वाईट काळ मागे पडला असंही सांगितलं. पुढची तीन वर्षं अशी गेली की त्या मऊ शब्दालाच काटे फुटले. इतके, की १९३७मध्ये पुन्हा घसरण सुरू झाली तेव्हा डिप्रेशन म्हणायला जीभ रेटेना आणि तिला ‘रिसेशन’ म्हटलं गेलं. म्हणजे इंग्रजीत दर खेपेला आधीच्यापेक्षा मऊ शब्द शोधला गेला. तेव्हा मंदी सौम्य आहे म्हणून बाद करायची, तर मूळ शब्दही बाद होईल.

पण माझा खरा मुद्दा याच्या पुढे आहे. मंदी हा शब्द सौम्य असेल, पण अचूक आहे. माझ्या मते डिप्रेशनपेक्षाही अचूक. आपल्या भाषेत दुष्काळ वेगळा आणि मंदी वेगळी. दुष्काळात धान्य नसतं. मंदीत धान्य असतं, घेणारा नसतो. ‘अग्निमांद्य’ आठवा: ताट वाढलेलं आहे, पण अग्नी मंद आहे. अमेरिकेत १९३२मध्ये हेच झालं होतं. गव्हाचा बुशेल ४० सेंटच्या खाली गेला. मका इतका कवडीमोल झाला की आयोवाकडच्या काही शेतकऱ्यांनी थंडीत कोळशाऐवजी मक्याची कणसं चुलीत घातली. कोळसा विकत आणण्यापेक्षा ते स्वस्त पडत होतं. आणि त्याच हिवाळ्यात शिकागोत, न्यू यॉर्कमध्ये माणसं पावाच्या तुकड्यासाठी रांगेत उभी होती. चुलीत जळणारं कणीस आणि रांगेतलं रिकामं पोट, या दोन्हींच्या मधे जे तुटलं होतं त्याला उठाव म्हणतात. उठाव नसणं म्हणजे मंदी. इतका नेमका शब्द हाताशी असताना दुसरा शोधू नका.

याच्या जोडीला आणखी एक शब्द ठेवा: स्वस्ताई. आमच्या घरात आजी तिच्या लहानपणच्या काळाला स्वस्ताईचा काळ म्हणायची, आणि मला वाटायचं, काय मजा असेल! सगळं स्वस्त होतं हे खरं, पण ते विकत घ्यायला रोकड कुणाकडे नव्हती, हे ती पुढच्या वाक्यात सांगायची आणि मी ते ऐकायचो नाही. अमेरिकेतही १९२९ ते १९३३ या काळात राहणीमानाच्या वस्तूंचे भाव सुमारे चौथाईनं उतरले. महागाईचं दुःख सगळ्यांना कळतं. भाव उतरण्यातलं दुःख विद्यार्थ्यांना समजावताना स्वस्ताई हा शब्द वर्गात जरूर वापरा.

आता ‘महा’. महा म्हणजे मोठा, हा अर्थ आहेच: महासागर, महापूर. पण मराठीत हा उपसर्ग कधी कधी आकार वाढवत नाही, जातच बदलतो. महायात्रा म्हणजे लांबचा प्रवास नव्हे, महानिद्रा म्हणजे गाढ झोप नव्हे. दोन्हींतून माणूस परत येत नाही. महामंदीतला ‘महा’ मला या जातीचा वाटतो. साध्या मंदीला सवय असते की तिच्यामागून तेजी येते. पेढीवरची जोडी तशीच तर बसलेली आहे. इथे ती जोडीच मोडली. शेअर बाजाराची चढउतार दाखवणारा डाऊ जोन्सचा निर्देशांक ३ सप्टेंबर १९२९ रोजी ३८१ होता, ८ जुलै १९३२ रोजी तो ४१वर आला, आणि १९२९चा आकडा पुन्हा दिसायला नोव्हेंबर १९५४ उजाडला. १९३० ते १९३३ या काळात सुमारे नऊ हजार बँका बुडाल्या. १९३३मध्ये चार कामगारांमागे एक बेकार होता. तेव्हा महामंदी हे विशेषनाम समजा, महायुद्धासारखं. १९३०च्या दशकाला ते द्या आणि इतर मंदींना देऊ नका. हल्ली वर्तमानपत्रं कुठल्याही घसरणीला महामंदी म्हणून टाकतात. त्यानं शब्दाची धार जाते, याचं मला वाईट वाटतं.

क्रॅश म्हणजे मंदी नव्हे, हेही प्रकरणात स्पष्ट ठेवा. ‘कोसळणं’ हे काही दिवसांचं काम. गुरुवारी, २४ ऑक्टोबर १९२९ला, विक्री इतकी आली की भाव छापणारं टिकरयंत्र तासन्‌तास मागे पडलं. बाजार दुपारी तीनला बंद झाला तरी कागदी पट्टी संध्याकाळी सात वाजून गेल्यावरही भाव ओकत होती. आपल्या शेअरचं काय झालं, हे दलालाच्या दारात उभ्या माणसाला कळतच नव्हतं. दहा-वीस टक्के स्वतःचे घालून बाकी दलालाकडून उसने घेतलेल्यांना ती पट्टी वाचायलाही वेळ मिळाला नाही. आणखी पैसे भरा, नाहीतर शेअर विकतो, असा निरोप आला. २९ तारखेला एक कोटी साठ लाखांहून जास्त शेअर विकले गेले. हे कोसळणं. मंदी त्यानंतर हळूहळू आली. ‘मंद’ शब्दाचा हळूपणा तिथेही खरा ठरतो.

इन्स्टॉलमेंटला मात्र डोळे मिटून ‘हप्ता’ लिहा. फारसीत ‘हफ्त’ म्हणजे सात, हफ्ता म्हणजे आठवडा. आपण आज महिन्याला भरतो त्यालाही हप्ता म्हणतो, पण त्या अमेरिकेत तो पुष्कळदा अक्षरशः आठवड्याचा असे: एक डॉलर आता, मग दर आठवड्याला एक डॉलर, अशी तेव्हाची दुकानांची हाकाटी होती. एक गोष्ट तुमच्या विद्यार्थ्यांना आवडेल. हेन्री फोर्ड यांना उधारीचा तिटकारा होता. १९२३मध्ये त्यांनी योजना काढली की गिऱ्हाइकानं दर आठवड्याला पाच डॉलर जमा करावेत आणि पूर्ण रक्कम साठली की गाडी न्यावी. थोडी भिशीसारखीच. जनरल मोटर्सनं १९१९पासूनच उलटं केलं होतं: गाडी आधी, हप्ते मागून. लोकांनी कुणाचं ऐकलं असेल ते सांगायला नको. दशक संपेपर्यंत बहुतेक गाड्या हप्त्यानं विकल्या जात होत्या, आणि पगार थांबला तेव्हा हप्ता थांबला नाही.

स्पीकईझीला ‘गुत्ता’ लिहू नका. गुत्ता म्हणजे मक्ता. गुत्तेदार सरकारला पैसे भरून दारू विकायचा. स्पीकईझी याच्या नेमकी उलट, दारूबंदी असताना (१९२० ते १९३३) चोरून चालवलेली, आत हळू बोला असं बजावणारी जागा. ‘चोरटा अड्डा’ म्हणा, पुरे.

राहिलं हूवरव्हिल, ते तुम्ही विचारलं नाहीत, पण प्रकरणात येणारच. बेघरांनी फळकुटं आणि पत्रे जोडून उभारलेल्या वस्त्यांना लोकांनी अध्यक्षांचं नाव दिलं. अंगावर पांघरायचं वर्तमानपत्र म्हणजे हूवर ब्लँकेट, उलटा काढलेला रिकामा खिसा म्हणजे हूवरचा झेंडा. ‘हूवरनगर’ असं भाषांतर माझ्या पाहण्यात आलं आहे, ते फसवं आहे. आपल्याकडे वस्तीला पुढाऱ्याचं नाव मानानं देतात. ‘हूवरव्हिल’ तसंच ठेवा आणि पुढे एक वाक्य जोडा: लोक हूवर यांच्या नावानं खडे फोडत होते. मराठी वाचकाला तेवढ्यात सगळं कळेल.

तुमचं पहिलं वाक्य मी असं लिहीन: ‘युद्धानंतर शहरांत भरभराट आली आणि शेअर्समध्ये तेजी, पण शेतमाल मंदीतच होता; १९२९मध्ये शेअर बाजार कोसळला, आणि मग गावात काय, शहरात काय, कशालाच उठाव राहिला नाही. त्या दहा वर्षांना महामंदी म्हणतात.’