खुर्चीमागून : वाचकांचे प्रश्न, एका कारागिराची उत्तरं

मालवणच्या बाजारात माझं सलून आहे. आजोबा धोकटी घेऊन वाडीवाडीत फिरायचे, वडिलांनी दुकान थाटलं, मी तिसरा. 1983 साली, सतराव्या वर्षी, लालबागला काकांच्या दुकानात हात बसवला आणि अकरा वर्षांनी गावी परतलो. या अंकासाठी संपादकांनी पुरुषांच्या निगेविषयीची पत्रं माझ्याकडे पाठवली. बरीचशी बिननावाची आहेत. एकाने तर वरच लिहिलंय, 'हे पत्र घरात कोणाला माहीत नाही.' दाढी, केस, चेहरा याबद्दल साधं विचारायलाही पुरुषाला लपावं लागतं, याचं मला फार वाईट वाटलं. म्हणून थोडीच पत्रं घेतली आहेत, पण सविस्तर.

माझा मुलगा 20 वर्षांचा आहे. तारकर्लीला स्कूबाच्या बोटीवर कामाला जातो. दर पंधरा दिवसांनी भुवया कोरून घेतो, फेशियल करतो, कानात बाळी घातली आहे. आम्ही मासेमारी करणारी माणसं. वाडीत लोक त्याला 'काय रे, चेडू (मुलगी) झालंस काय?' म्हणून हसतात. वडील म्हणून मी काय करावं?
*— एक रापणकर, मालवण तालुका*

भाऊ, तुमचा झील माझ्याकडे येतो की नाही ठाऊक नाही, पण त्याच्यासारखी दहा-बारा मुलं येतात. मे सरता सरता पर्यटनाच्या बोटी वर ओढल्या की सगळी एकदम येतात. खाऱ्या पाण्याने केस काथ्यासारखे झालेले, ओठ फुटलेले, नाकाच्या शेंड्याची साल निघालेली. मग म्हणतात, काका, डी-टॅन करा. मी त्यांना सांगतो, रापलेली कातडी म्हणजे मळ नव्हे, ती घासून जात नाही. ऊन लागूच नये याची तजवीज करायची. पाण्यावरून ऊन उलटून खालून चेहऱ्यावर येतं, त्यामुळे नुसत्या टोपीने भागत नाही. पाण्यात न धुपणारं सनस्क्रीन लावायचं आणि दर दोन तासांनी पुन्हा लावायचं. मुलाने ते लावलं तर त्याला अडवू नका. रापणीला जाताना तुम्हीही लावा.

आता लोकांच्या हसण्याबद्दल. तुमच्या गावच्या जत्रेला दशावतार होतो ना? स्त्रीपात्र करणारे दोन नट माझ्या वडिलांकडे नेमाने यायचे. दिवसा शेतात राबणारी माणसं. जत्रेच्या दुपारी वडील त्यांची दाढी दोनदा करायचे, एकदा केसांच्या दिशेने आणि एकदा उलट, गालावर निळी छटासुद्धा राहू नये म्हणून. रात्री देवळाच्या मागे बसून ते स्वतः रंग लावायचे, भुवया कोरायचे, कुंकू रेखायचे. मग सगळा गाव पहाटेपर्यंत त्यांच्याकडे बघत बसायचा. बायका त्यांच्या रडण्याबरोबर रडायच्या. दुसऱ्या दिवशी तोच नट खांद्यावर नांगर घेऊन चालला की त्याला 'चेडू' म्हणायची कोणाची छाती नव्हती.

बाळीचंही तसंच. पेशवाईतले पुरुष कानात भिकबाळी घालून दरबारात बसायचे. आपण दिवाळीच्या पहाटे आईकडून तेल-उटणं लावून घेतो, बोहल्यावर चढण्याआधी हळदीने पिवळे होतो. वर्षाच्या दोन दिवशी जे शुभ मानतो त्याला इतर दिवशी बायकी का म्हणायचं, हे मला कळलेलं नाही.

लालबागला मी शिकत होतो तेव्हा गिरण्यांचा संप सुरू होऊन वर्ष उलटून गेलं होतं. ज्यांच्या घरात चूल रोज पेटेल याची खात्री नव्हती, ती माणसं आठवड्याची दाढी चुकवायची नाहीत. काका वहीत मांडून ठेवायचे. एक जण मिशी सारखी करून घ्यायचा, आरशात स्वतःकडे नीट बघायचा आणि मग काम शोधायला निघायचा. मिशीवरून हात फिरवल्यावर त्याची मान किती ताठ व्हायची ते मी रोज पाहिलंय. तुमच्या मुलाच्या भुवया मला त्या मिशीहून वेगळ्या वाटत नाहीत.

तेव्हा एक करा. पुढच्या वेळी कोणी हसलं की त्याच्या देखत मुलाच्या बाजूने बोला. एकदाच, पण मोठ्याने.

दोन गोष्टी मात्र मुलाला सांगा. फेशियलचा तजेला दोन-तीन दिवस टिकतो, दर पंधरवड्याला त्याची गरज नाही. पगारातला मोठा हिस्सा त्यात जात असेल तर ते पैशाचं बोलणं म्हणून बोला, पुरुषपणाचं नको. आणि भुवया कोरणारा दोऱ्याचं टोक दातात धरत असेल, तर तो दोरा प्रत्येक गिऱ्हाइकाला नवा घेतोय का ते बघायला सांगा. फार बारीक कोरू नये, वारंवार उपटलेली भुवई काही वेळा परत भरत नाही.

मी बारावीत आहे. रंगाने काळा आहे. मित्राने मेडिकलमधून एक ट्यूब आणून दिली. महिन्याभरात चेहरा उजळला, सगळे विचारू लागले. आता पाच महिने झाले. न लावल्यास आग होते, गाल लाल होतात, पुळ्या आल्यात. घरी सांगितलेलं नाही. एखादं चांगलं क्रीम सुचवा.
*— आचरा*

झिला, मी तुला कुठलंही क्रीम सुचवणार नाही, आणि का ते नीट वाच.

घरात जाऊन ती ट्यूब उलटी कर आणि बारीक अक्षरं वाच. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव दिसेल असं मला वाटतं. ही स्टेरॉइड आहेत. डॉक्टर ती इसबासारख्या आजारात ठरावीक दिवसांसाठी देतात. चेहऱ्यावर महिनोन् महिने लावली तर कातडी पातळ होते, आतल्या लाल शिरा दिसू लागतात, पुळ्या येतात, काहींना नको तिथे लव वाढते. सुरुवातीला जो उजळपणा दिसतो त्याच्याच आड हे सगळं चालू असतं. बंद केलं की आग होते, म्हणून माणूस पुन्हा लावतो. तू आज तिथेच उभा आहेस. 2018 साली केंद्र सरकारने अशा बऱ्याच मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली, तरी ती हातोहात मिळतात. काही बिननावाच्या गोऱ्या करणाऱ्या क्रीममध्ये पारा सापडतो, तो तर मूत्रपिंडावर जातो.

या आठवड्यात कातडीच्या डॉक्टरकडे जा. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात दाखव. ट्यूब बरोबर ने, लपवू नकोस. बंद कसं करायचं ते डॉक्टर सांगतील, ते कोणत्याही मित्राला विचारून करू नकोस. तोवर साधं पाणी, सौम्य साबण आणि उन्हात टोपी. माझ्यासारख्या कारागिरानेही सध्या तुझ्या चेहऱ्याला ब्लीच लावू नये. कोणी आग्रह केला तर खुर्चीतून उठ.

पुरुषांसाठी वेगळं गोरं करणारं क्रीम आपल्याकडे 2005 साली बाजारात आलं. त्याआधी मुलं बहिणीचं क्रीम चोरून लावायची, हे मी खुर्चीमागून बघत होतो. पुढे जाहिरात बदलली, ट्यूबचा रंग बदलला, चोरून लावणं तसंच राहिलं. मला राग येतो तो या चोरून लावण्याचा. तू पहिल्याच आठवड्यात आईला ट्यूब दाखवली असतीस तर पाच महिने गेले नसते. आणि तुला ते दाखवता आलं नाही, कारण काळं असणं आणि त्याचं वाईट वाटणं, दोन्हींची लाज आपण मोठ्यांनी तुझ्या मनात घातली. हा दोष तुझा नाही. आज रात्री जेवताना आईला सांग. जमलं नाही तर हे पान तिच्यासमोर ठेव.

श्रावणात मी दाढी करत नाही. गणपतीच्या आदल्या दिवशी केली की दरवर्षी मानेवर पुळ्या येतात.
*— एक चाकरमानी, मूळ गाव कणकवली तालुका*

महिन्याच्या दाढीवर थेट ब्लेड लावता म्हणून. आधी मशीनने बारीक करून घ्या. मग गरम पाण्याचा टॉवेल चार मिनिटं. केसांच्या दिशेने एकच हात फिरवायला सांगा, मानेवर उलटा हात पहिल्या दिवशी नकोच. फार खोल कापलेला केस वळून आत शिरतो आणि त्याचीच पुळी होते. आणि जमल्यास दोन दिवस आधी या. त्या संध्याकाळी दुकानात उभं राहायला जागा नसते, आणि घाईत माझ्याही हाताला हवी तेवढी सवड मिळत नाही.

माझ्या बाबांचं सलून आहे. त्यांचे हात थरथरतात. मी त्यांच्याकडूनच काम शिकले, कटिंग-दाढी दोन्ही येतं. पण मुलीने पुरुषांच्या गालाला हात लावायचा म्हणून गावात कुजबुज आहे. नेहमीची काही गिऱ्हाइकं दारातून परत जातात.
*— वय 23, कुडाळ तालुका*

बाय, तुझं पत्र मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं.

कोल्हापूर जिल्ह्यात हासूरसासगिरी म्हणून गाव आहे. तिथल्या शांताबाई यादव यांनी नवरा गेल्यावर चार मुलींना वाढवण्यासाठी वस्तरा हातात घेतला. लोक त्यांनाही बोलले. त्यांनी आपलं काम सोडलं नाही आणि त्याच वस्तऱ्यावर मुलींची लग्नं केली. त्याच्याही आधीची एक गोष्ट आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवी. 1890 साली मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी मोठ्या संख्येने एकत्र जमले आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही असं त्यांनी ठरवलं. हातावर पोट असलेली माणसं होती ती. माझ्या आजोबांना लोक खळ्यातच बसवायचे, ओटीवर घ्यायचे नाहीत, आणि मोबदल्यात सुगीला भात मिळायचं. अशा माणसांनी बायकांच्या बाजूने उभं राहून दाखवलं. तू त्यांच्या घरची आहेस.

कामाचं सांगतो. खुर्ची दारातून दिसेल अशी ठेव, पडदा नको. गिऱ्हाइकासमोर नवं ब्लेड फोड, अर्धं वस्तऱ्यात घाल, आणि झाल्यावर त्याच्या देखत डब्यात टाक. टॉवेल प्रत्येकाला धुतलेला. सुरुवात लहान मुलांच्या आणि म्हाताऱ्यांच्या कटिंगने कर. म्हातारे लाजत नाहीत, आणि ते बसले की तरणे येतात. पहिले काही दिवस बाबांना शेजारच्या खुर्चीत बसव. त्यांना हातांनी काही करावं लागणार नाही, त्यांनी नुसतं तुझ्याकडे बघत राहावं. कोणी बसून भलतं बोललं तर अर्धी दाढी तशीच ठेवून उठव त्याला. मी स्वतः येऊन सांगेन की बरोबर केलंस.

वडील 78 वर्षांचे. चार महिन्यांपूर्वी डावी बाजू लुळी पडली, अंथरुणाला आहेत. रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे. घरी येणारा कारागीर मुंबईला गेला. दाढी वाढली की ते बेचैन होतात. मला करता येईल का? खरं सांगायचं तर त्यांनी मला कधी जवळ घेतलेलं आठवत नाही, आणि त्यांच्या गालाला हात लावायचा मला संकोच वाटतो.
*— वय 41, वेंगुर्ले*

येईल. नीट वाचा आणि घाई करू नका.

गोळी चालू आहे म्हणून वस्तरा नको. ट्रिमर घ्या. खुंट राहतील, राहू देत. उशा लावून त्यांना शक्य तेवढं बसतं करा, आडवं ठेवून कधीही करू नका, तोंडात लाळ साठलेली असते आणि ठसका लागतो. आधी डाव्या गालाच्या आत घास अडकलाय का बघा, तोंड पुसून घ्या. टॉवेल कोमट पाण्यात पिळून आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघा. लुळ्या बाजूला चटका बसला तरी त्यांना कळणार नाही कदाचित. मग टॉवेल दोन मिनिटं चेहऱ्यावर धरा. इथेच तुमचा हात त्यांच्या गालावर जाईल, टॉवेलवरून. संकोच तेवढ्यात बराच कमी होतो.

सुरुवात चांगल्या बाजूने करा. डावा गाल सैल पडलेला असणार, म्हणून डाव्या हाताच्या अंगठ्याने कानाच्या दिशेने कातडी ताणून धरा आणि मगच ट्रिमर फिरवा. ओठांच्या कोपऱ्यात सगळ्यात सावकाश. मिशी ठेवायची की काढायची हे त्यांनाच विचारा, बोलता येत नसेल तर डोळ्यांनी सांगतील. कुठे खरचटलंच तर स्वच्छ कापूस पाच मिनिटं दाबून धरा, मध्ये उचलून बघू नका. तुरटी ओली करून फिरवली तरी चालते. रक्त थांबलंच नाही तर डॉक्टरांना फोन करा.

माझे वडीलही शेवटचे सहा महिने अंथरुणाला होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या दाढ्या केल्या आणि स्वतःची कधी कोणाला करू दिली नाही. पहिल्या दिवशी मी ब्रश हातात घेतला तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं. मी तसाच बसून राहिलो. बऱ्याच वेळाने त्यांनी हनुवटी वर केली, गिऱ्हाईक करतं तशी. मला त्यांच्या हनुवटीखालचा व्रण तोपर्यंत माहीतच नव्हता, इतकी वर्षं एका घरात राहून. झाल्यावर मी आरसा धरला. ते खूप वेळ बघत राहिले आणि मग उजव्या हाताचं बोट डाव्या कल्ल्यावर ठेवलं. एका केसाएवढा खाली राहिला होता तो. मी सारखा केला.

तेव्हा आरसा विसरू नका. दोन्ही बाजूंनी दाखवा आणि ते बघत असतील तोवर धरून ठेवा.

सोमवारी माझं दुकान बंद असतं. संपादकांकडे पत्ता कळवा, सकाळच्या एसटीने येतो. पहिल्या वेळी मी शेजारी उभा राहीन. ट्रिमर तुमच्या हातात राहील.