गल्ल्यातली जुनी नाणी : तुमचे प्रश्न

प्रश्न : आमचं पंचवटीत छोटं किराणा दुकान आहे. रामकुंडावर लोहचुंबक टाकून चिल्लर काढणारी पोरं आमच्याकडेच सुट्टे देऊन नोट घेऊन जातात. परवा सासूबाईंच्या जुन्या डब्यातली चिल्लर आणि गल्ला एकत्र मोजताना १९४४ चा भोकाचा पैसा निघाला, तो मी चिंच लावून लख्ख केला. ऑनलाइन फोटो टाकला तर एकाचा फोन आला, म्हणे पाच लाख देतो फक्त आधी १,८०० रुपये रजिस्ट्रेशन भरा. भरू का? आणि अजून एक, एका रुपयावर छाप एका बाजूला सरकलाय, गिऱ्हाईक घेत नाही, बँकेत देऊन टाकू का?
— एक दुकानदारीणबाई, पंचवटी

उत्तर : ताई, पहिलं काम म्हणजे तो नंबर ब्लॉक करा. विकत घेणारा पैसे देतो, मागत नाही. रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्येच सांगितलंय की जुनी नाणी-नोटांच्या व्यवहारात आम्ही नाही आणि त्यासाठी कसली फी पण घेत नाही, तरी लोक भरतातच.

भोकाचा पैसा पोरांच्या चुंबकाला लागून आलेला नाही हे नक्की, कारण तो ब्राँझचा असतो, चिकटत नाही, म्हणजे तो सासूबाईंचाच. महायुद्धात धातू वाचवायला १९४३ पासून मधे भोक पाडून हे पैसे काढले, रुपयाला चौसष्ट. पण काढले इतके ढिगानं की आजही घरोघरी सापडतात, त्यामुळे एका मिसळीच्या प्लेटपेक्षा जास्त काही सुटेल असं मला वाटत नाही. त्यात तुम्ही चिंच लावलीत! जुन्या नाण्यावरचा तो काळपट तपकिरी थर संग्राहकांना हवा असतो, घासला की भाव पडतो. आता जे झालं ते झालं, पुढचं नाणं निदान तसंच ठेवा.

खरी गंमत तुमच्या त्या नको असलेल्या रुपयात आहे. टाकसाळीत ठसा मारताना चकती जागेवरून सरकली की एका बाजूला कोरी चंद्रकोर राहते आणि दुसरीकडची अक्षरं कडेबाहेर जातात. असं असेल आणि साल नीट वाचता येत असेल तर ते नाणं बघण्यासारखं आहे, सरकलंय जितकं जास्त तितकं बरं. पण कोरा भाग ठोकल्यासारखा चपटा झालाय, अक्षरं दबलीत, कडेला कानशीचे ओरखडे आहेत असं दिसलं तर कोणीतरी घरी उद्योग केलेत. सालाखाली पण बघा, पत्त्यातल्यासारखी चौकट म्हणजे मुंबई, चांदणी हैदराबाद, ठिपका नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. (नाशिकरोडला नोटा छापतात हो, नाणी नाही, हे दर महिन्याला कोणीतरी विचारतंच.)

बँकेत देऊ नका. कागदाच्या पुडीत ठेवा, आणि त्र्यंबक रोडला अंजनेरीला नाण्यांचं म्युझियम आहे तिथे एकदा चक्कर मारा, अस्सल नाणी डोळ्याखालून गेली की तुमचा रुपया कुठल्यातला ते बऱ्यापैकी कळेल. विकायचाच असेल तर दोन-तीन व्यापाऱ्यांना दाखवून मगच, आणि सासूबाईंना विचारून, डबा त्यांचा आहे.