डिंगी घेण्याआधी डेक मोजा

३४ फुटी शिडाची बोट, पावसाळा सरला की मुंबईहून गोव्याची सफर, आणि त्यासाठी दहा फुटी फायबर-तळाची डिंगी, म्हणजे काठावर ये-जा करायची हवा भरायची छोटी होडी, घेऊन मागे ओढत न्यायची, असा तुमचा बेत आहे. माझं मत विचाराल तर असं करू नका. आधी डिंगी राहणार कुठे ते ठरवा, मग त्या जागेत मावेल तीच घ्या.

ऑक्टोबरनंतर आपल्या किनाऱ्यावर दुपारचा वारा बहुतेक वायव्येचा. दक्षिणेला जाताना लाट पाठीमागून येते, आणि ओढलेली डिंगी त्या लाटेवरून घसरत थेट बोटीच्या पाठीवर आदळते. नाहीतर दोराला हिसके देत देत बांधायची कडीच उपटून काढते. बंदराच्या आत थोडं अंतर ओढायला हरकत नाही, पण तेव्हाही डिंगीचं इंजिन काढून वर घ्या आणि दोर तरंगणाराच वापरा. बुडणारा दोर रिव्हर्स घेताना पंख्यात गुंडाळतो.

मागे डेव्हिट, म्हणजे होडी टांगायचे लोखंडी हात, बसवून टांगणं नांगरावर असताना फार सोयीचं. रात्रीच्या खुल्या समुद्रात मात्र नको. मागून एक लाट आत शिरली की डिंगीत शेकडो किलो पाणी साचतं. बूच काढून ठेवलं तरी ते निचरेपर्यंत सगळा भार डेव्हिटवर आणि बोटीच्या पाठीवर असतो.

राहिला पुढचा डेक, आणि तुमच्या आकाराच्या बोटीला तोच योग्य. डोलकाठीपासून नांगराच्या खणापर्यंतचं अंतर टेप लावून मोजा. पुढचं हॅच, म्हणजे केबिनच्या छतावरचं झाकण, कुठे येतं तेही बघा, कारण केबिनला आग लागली तर बाहेर पडायची ती दुसरी वाट आहे. फुगवलेली डिंगी त्यावर उपडी टाकून घट्ट आवळली, तर ती वाट बंद. म्हणून लांबच्या टप्प्याला हवा काढून गुंडाळी करा आणि जयगड किंवा विजयदुर्गच्या खाडीत नांगर पडला की फुगवा. पायपंपाने फार वेळ लागत नाही.

या सगळ्यासाठी डिंगी हलकी हवी. हवेच्या तळाची साडेआठ फुटी डिंगी साधारण २५ किलोच्या आसपास भरते, फायबर-तळाची त्याच्या दुपटीच्या घरात जाते, आणि तिची गुंडाळी होत नाही. शिवाय मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. भरतीला काठाशी बांधलेली डिंगी ओहोटीला चिखलात बसते. अशा वेळी दोघांना उचलता येईल तीच कामाची. डेकवर घ्यायला हॅलयार्ड (शीड वर चढवायचा दोर) आणि विंच (तो ओढायची फिरकी) वापरा. डिंगीच्या तीन कड्यांना दोर बांधून ते वर एका शॅकलमध्ये (पिनेने बंद होणाऱ्या कडीत) आणा, एकाने विंच फिरवावा, दुसऱ्याने डिंगी बोटीच्या अंगापासून दूर धरावी. इंजिन आणि वल्ही आधीच वर आलेली असावीत.

कापडावर पैसे वाचवू नका. आपल्या उन्हात पीव्हीसी लवकर चिकट होतं आणि जोड सुटायला लागतात. हायपलॉन हे रबरी कापड महाग आहे, पण ऊन आणि पेट्रोल दोन्ही जास्त सोसतं. काहीही घेतलंत तरी वर कापडी आवरण शिवून घ्या. सकाळी टम्म भरलेली हवा दुपारच्या उन्हात वाढते आणि जोडांवर ताण येतो, तेव्हा थोडी सोडा. तळ आणि हवेच्या नळीच्या फटीत अडकलेली वाळू गोड्या पाण्याने धुवा, ती कापड आतून घासत राहते. कोकणातल्या धक्क्यांच्या दगडांना कालवं चिकटलेली असतात आणि त्यांच्या कडा सुरीसारख्या कापतात. तिथे फेंडर, म्हणजे धक्का झेलणारी फुगीर गादी, मध्ये घातल्याशिवाय लागू नका.

इंजिन अडीच अश्वशक्तीचं, चार-स्ट्रोक घ्या. सुमारे १७ किलोचं असतं, ते मागच्या कठड्यावरच्या लाकडी फळीला उभं अडकवा. आडवं ठेवायची वेळ आली तर कंपनीने सांगितलेल्या कुशीवरच, नाहीतर तेल सिलिंडरमध्ये उतरतं. पेट्रोलचा कॅन केबिनच्या खणात कधीच ठेवू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी जाऊन साचते आणि एका ठिणगीवर पेटते. कॅन उघड्यावर, मागच्या कठड्याला सावलीच्या बाजूने बांधा.

डेकचं माप आणि हॅचची जागा इथे लिहिलीत तर नेमकी किती लांबीची मावेल ते सांगतो.