‘प्रत्येक नातं मीच मोडते का?’

‘सुरुवातीला मी जीव ओवाळून टाकते, मग काही महिन्यांत सगळं विस्कटतं. मला प्रेम निभावताच येत नाही का?’ तिशीच्या आसपासच्या कितीतरी मुली मला हे विचारतात. उत्तर एकीच्या गोष्टीतून देते. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय ३२, घर डोंबिवलीला, नोकरी लोअर परळच्या जाहिरात कंपनीत. ऑफिसातल्याच एका शांत, सरळ मुलाशी लग्न ठरत आलेलं आणि हेही आपण मोडणार याची तिला धास्ती. आदल्याच आठवड्यात त्याचा रिप्लाय तासभर आला नाही, तर हिने लोकलच्या गर्दीत उभ्या उभ्या ‘आपण थांबू या’ असा मेसेज पाठवून दिला. तो मीटिंगमध्ये होता. दादर येईपर्यंत तिने तो मेसेज डिलीट केला आणि माफीची रांग लावली. तिने मला चॅट उघडून दाखवलं, त्यात ‘सॉरी’ शोधलं आणि अंगठ्याने सरकवत राहिली. संपेचना. उशीर झाला सॉरी, किल्ली विसरले सॉरी, सारखं सॉरी म्हणते म्हणून सॉरी.

आधीची दोन नाती तिने सांगितली. कॉलेजातल्या मुलाच्या गाडीच्या वेळासुद्धा तिला पाठ होत्या. नव्याची नवलाई सरली तसं तिचं लक्ष पांगलं आणि हिला आता दुसराच कोणीतरी आवडतो, अशी त्याची समजूत झाली. दुसऱ्याने तिचा विसरभोळेपणा पाहून सगळा कारभारच हातात घेतला. पगाराचं एटीएम कार्ड त्याच्याकडे, फोनचं लोकेशन त्याला दिसणार, मैत्रिणींना कधी भेटायचं ते तो ठरवणार. ‘तुझ्यासारखीला दुसरं कोण सांभाळून घेईल?’ हे त्याचं पालुपद. तिला ते पटायचं. म्हणून ती तिथे चार वर्षं राहिली.

हा विसरभोळेपणा लहानपणापासूनचा आहे का, हे कळावं म्हणून मी शाळेविषयी विचारलं. दर पावसाळ्यात छत्र्या हरवायच्या, गृहपाठ केलेली वही घरीच राहायची. प्रगतिपुस्तकावर शेरा ठरलेला: ‘हुशार आहे, पण लक्ष नसते.’ खिडकीबाहेर बघत गप्प बसणाऱ्या मुलीचा वर्गाला त्रास नसतो, त्यामुळे तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. दंगेखोर मुलगा लवकर डॉक्टरपर्यंत पोचतो. अशी मुलगी पोचते ती मोठेपणी, आणि तेही बहुतेकदा चिंता किंवा नैराश्याची तक्रार घेऊन.

निदान करणं माझं काम नाही, म्हणून तिला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी जुनी प्रगतिपुस्तकं पाहिली, आईशी बोलले, झोपेची चौकशी केली, थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासून घेतलं. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तकातल्या निकषांप्रमाणे मोठ्या माणसात अवधान कमी पडण्याची किंवा चंचलपणाची किमान पाच लक्षणं असावी लागतात, आणि त्यांतली काही वयाच्या १२ वर्षांआधीपासूनची. तिचं निदान झालं: एडीएचडी, म्हणजे लक्ष हवं तिथे टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड करणारी, लहानपणापासूनची मेंदूची ठेवण.

या मेंदूचं लक्ष हुकमी नसतं. नवं आणि उत्कंठेचं काही दिसलं की ते तिथे चिकटून बसतं, आणि नव्या प्रेमाहून उत्कंठेचं दुसरं काय असणार? तो भर ओसरला की तिला वाटतं प्रेमच आटलं. मग घाबरून ती एक तर भांडण काढते, नाही तर आधीच निघून जाते. त्यात लहानपणापासून ‘वेंधळी’ ऐकत आलेलीला नकाराची चाहूल फार लवकर लागते, नसली तरी लागते.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते पुढे कळलं. एका भेटीला तोही आला. त्याच्या वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. त्याने तिला दोनदा सांगितलं होतं, तरी ती विसरली आणि संध्याकाळी तिचा साधा फोनही गेला नाही. त्याने हे बोलायला सुरुवात केली मात्र, तिचे डोळे भरून आले. ‘मी आहेच अशी, तू दुसरी बघ.’ आणि तो लगेच तिची समजूत काढायला लागला. त्याचं दुखणं तिथेच राहिलं. मी त्याला थांबवलं आणि तिला म्हटलं, आता त्याला फक्त विचार, ‘त्या दिवशी तुला काय वाटलं?’ त्याला बोलायला वेळ लागला. ‘ऑपरेशन थिएटरबाहेर एकटा बसलो होतो. वाटलं, हिला आमच्या घरचं काहीच नाही.’ तिने ते न रडता ऐकलं. इतक्या वर्षांत असं ऐकणं तिने बहुधा पहिल्यांदाच केलं असावं. एडीएचडी हे विसरण्याचं कारण आहे. समोरच्याला लागलं ते मात्र लागलंच, आणि ते ऐकून घेणं हिच्याकडेच येतं.

पुढचे बदल साधे होते. रागाचा मेसेज व्हॉट्सॲपवर लिहायचा नाही, नोट्समध्ये लिहायचा, जेवून झोपून सकाळी वाचायचा. पाळीच्या आधीच्या आठवड्यात भांडणं वाढतात का, याची नोंद ठेवायची. कित्येकींचं अवधान आणि मूड त्या दिवसांत जास्त बिघडतात. आठवण करून द्यायचं काम त्याच्यावर टाकायचं नाही, नाही तर तो हळूहळू तिचा बाप होऊन बसेल. त्याच्या घरच्या तारखा तिच्याच फोनमध्ये, अलार्मसकट. विजेचं बिल ऑटोपेवर.

आणि मदत व ताबा यांत गल्लत होऊ नये म्हणून एक प्रश्न दिला: ‘मी त्याची मदत नको म्हटली, तर तो काय करेल?’ आताच्या मुलाबद्दल तिने विचार करून सांगितलं, ‘बरं म्हणेल.’ आधीच्याबद्दल ती बराच वेळ काहीच बोलली नाही. तुमच्या नात्यात या प्रश्नाची भीती वाटत असेल, तर आधी ती कुणाशी तरी बोला. एडीएचडीचं नंतर पाहू.

मनोविकारतज्ज्ञांनी तिला औषधही सुरू केलं. त्याने तिला पटकन काही करण्याआधी थोडी उसंत मिळते, असं ती सांगते. औषध घ्यायचं की नाही, कुठलं, किती, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. मैत्रिणीची गोळी घेऊन पाहू नका. खासगी फी परवडत नसेल तर परळचं केईएम आणि मुंबई सेंट्रलचं नायर, दोन्हीकडे मनोविकार विभाग आहे. नुसतं बोलायचं असेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ मोफत आहे. तपासणीला जाताना माळ्यावरची जुनी प्रगतिपुस्तकं शोधून न्या आणि जमलं तर आईला सोबत घ्या.