पितळेचा कापलेला मार्क आणि कळकलेलं ताक

प्रश्न : आमच्या लेकीने आठवीच्या पेपरात 'पितळ हे संयुग आहे' असं लिहिलं आणि मार्क गेला. बरोबर उत्तर मिश्रण. ती ऐकायलाच तयार नाही, म्हणते मिश्रण म्हणजे भेळ, चुरमुरे वेगळे दिसतात शेव वेगळी दिसते, पितळेत तांबं कुठे दिसतंय ते दाखव. मलाही उत्तर देता येईना. सर, नक्की काय आहे? (एक आई, सांगली)

उत्तर : ताई, लेक भांडतेय ते चांगलंच आहे, भांडू द्या. मार्क मात्र बरोबर कापलाय. आणि भेळेचं उदाहरण आम्ही मास्तर लोकांनीच वर्षानुवर्षं देऊन ठेवलंय, त्यामुळे पोरांना वाटतं की वेगळं दिसलं तरच मिश्रण. चहात विरघळलेली साखर कुठे दिसते? तरी चहा मिश्रणच ना.

दिसण्याचं सोडा, विचारायचं ते हे की प्रमाण कोण ठरवतं. पितळेचं प्रमाण ओतारी ठरवतो. १०० ग्रॅममध्ये तांबं ७० आणि जस्त ३० घेतलं तरी पितळ, ६० आणि ४० घेतलं तरी पितळच, जस्त अगदी कमी ठेवलं तर रंग लालसर येतो एवढंच. पाणी हे संयुग, तिथे असली मुभा कुणालाच नाही. १ ग्रॅम हायड्रोजनला ८ ग्रॅम ऑक्सिजन, मग पाणी कृष्णेचं असो नाहीतर तुमच्या फ्रीजमधलं. ८ च्या जागी साडेआठ घालून जरा घट्ट पाणी करू म्हटलं तर होत नाही, जास्तीचा ऑक्सिजन नुसता बाजूला उरतो. आणि १ ला १६ असं प्रमाण असलेला पदार्थ आहे, पण तो पाणी नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड आहे, जखमेवर टाकलं की फेसाळतं ते.

आता पितळेच्या आत काय असतं? तांब्याचे अणू फरशी घातल्यासारखे ओळीने रचलेले असतात आणि त्यातल्या काही जागांवर जस्ताचे अणू बसलेले असतात, नक्षी वगैरे काही नाही, गवंड्याला लाल फरशी कमी पडली की तो मधेच पिवळी लावतो तसं. तांब्याच्या अणूत २९ प्रोटॉन, जस्ताच्या ३०, शेजारशेजारची मूलद्रव्यं, आकारही जवळपास सारखा, म्हणून ते एकमेकांच्या जागेत मावतात आणि आपल्याला डबा एकजीव दिसतो. 'पितळेचा रेणू', म्हणजे ठरलेल्या अणूंची एकमेकांना जोडलेली सुटी जुडी, असं काही नसतंच, हे लेकीला आवर्जून सांगा.

आणि तरी पटत नसेल तर ओतशाळेची गोष्ट सांगा. पितळ वितळवताना वर पांढरा धूर येतो. तांबं १०८५ अंशांना वितळतं, पण जस्त ९०७ ला उकळायलाच लागतं, त्यामुळे भट्टीत पितळेचा रस झाला की जस्त वाफ होऊन पळायला बघतं. म्हणजे तापवून वेगळं निघतंय की! ती वाफ हवेतल्या ऑक्सिजनला भेटली की पांढरी पूड तयार होते, झिंक ऑक्साइड. लेकीला संयुग हवं होतं ना, ते तिथे आहे, त्या धुरात. (तो धूर नाकात गेला की ताप भरतो, ओतशाळेतल्या लोकांना हे चांगलं माहीत असतं.)

प्रश्न : सासूबाई म्हणतात पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं तर कळकतं. हे खरं आहे का उगाच आपलं जुन्या लोकांचं? (बेळगाव)

उत्तर : सासूबाई शंभर टक्के बरोबर आहेत. ताकात लॅक्टिक आम्ल असतं, त्याच्या मदतीने हवेतला ऑक्सिजन भांड्यातल्या तांब्याला धरतो आणि तांबं थोडं थोडं ताकात उतरतं. अणू तांब्याचाच बरं का, २९ प्रोटॉन तसेच, फक्त दोन इलेक्ट्रॉन देऊन बसलेला. तेवढ्यानेच सगळं बदलतं, चकाकी गेली, रंग हिरवानिळा, चव तोंड वाईट करणारी आणि जास्त पोटात गेलं तर मळमळ, उलटी.

जुन्या तांब्याच्या भांड्यावर हिरवट थर चढतो त्यातही बहुतेक कॉपर कार्बोनेट असतं, आणि गंमत म्हणजे संयुगाचं प्रमाण ठरलेलं असतं हे दाखवताना स्पेनमध्ये काम करणाऱ्या जोसेफ प्रूस्त या फ्रेंच रसायनज्ञाने १७९९ च्या सुमाराला नेमकं हेच संयुग घेतलं होतं. खाणीतलं घ्या नाहीतर प्रयोगशाळेत बनवा, तांबं, कार्बन आणि ऑक्सिजन यांचा हिशोब तोच.

यावर आपल्याकडचा उपाय म्हणजे कल्हई. आमच्या वाड्यात कल्हईवाला यायचा तेव्हा मी अभ्यास सोडून त्याच्या भात्यापाशी बसायचो. जमिनीत खड्डा, त्यात कोळसे, भांडं सांडशीत धरून तापवायचं, मग चिमूटभर नवसागर टाकला की भसकन पांढरा धूर आणि नाकात झणका. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, तापल्यावर त्याचे दोन वायू होतात, अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड. दुसरा भांड्यावरची काजळी म्हणजे धातूचं ऑक्साइड खाऊन टाकतो, आणि वर थंड हवेत गेल्यावर दोघे परत एकत्र येतात, तोच तो पांढरा धूर. संयुग मोडलं, काम केलं आणि परत जुळलं, सगळं डोळ्यांसमोर! शाळेच्या प्रयोगशाळेत मला कधी इतकं नीट कळलं नव्हतं. मग कथलाची कांडी लावायची, कथील २३२ अंशांनाच वितळतं, कापसाच्या बोळ्याने एक फेर मारला की भांडं आतून चांदीसारखं, आणि पाण्यात बुडवलं की चर्रर्र. कथील ताकाला फारशी दाद देत नाही. पण कल्हई झिजते, आत पिवळं दिसायला लागलं की ताक, चिंच, कोकम त्यात ठेवू नका.

प्रश्न : मुलगा हिंदी व्हिडिओ बघून अभ्यास करतो आणि अणू म्हणजे मॉलिक्यूल म्हणतो. पुस्तकात अणू म्हणजे अ‍ॅटम आहे. कोण चुकतंय?

उत्तर : कुणीच नाही. हिंदीत अ‍ॅटमला परमाणु आणि मॉलिक्यूलला अणु म्हणतात, आपण अणू आणि रेणू म्हणतो. म्हणून तिकडे परमाणु बम, इकडे अणुबॉम्ब. तसंच मूलद्रव्याला तिकडे तत्व आणि संयुगाला यौगिक. पेपर मराठीत असेल तर व्हिडिओतला अणु दिसला की रेणू लिहायचं, बास. फक्त मिठाचा रेणू विचारला तर जपून. मिठाच्या खड्यात सोडियम आणि क्लोरीनचे आयन (इलेक्ट्रॉन दिलेले किंवा घेतलेले अणू) एकाआड एक लांबच लांब रचलेले असतात, सुटी जोडी कुठेच नाही, त्यामुळे तिथे ना आपला रेणू ना हिंदीतला अणु.