"दूध पुरत नाही" म्हणून आलेली बाळंतीण

खानापूर, निपाणी, बेळगावच्या आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या बाळंतिणींकडून मी एकच वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता दारात चप्पल काढतानाच कळतं, "मॅडम, दूध पुरत नाही ओ." म्हणून हा एक अनुभव लिहितेय, ओळखीच्या खुणा बदलून.

खानापूर तालुक्यातली पहिलटकरीण, बाळ पाच आठवड्यांचं, सोबत सासू आणि सासूच्या पिशवीत पावडरचा सीलबंद डबा. "संध्याकाळी सारखं रडूलालंय बघा, हिचं दूध पातळ हाय," सासूचा निकाल तयार होता.

पहिल्या भेटीत मी स्तनपानावर एक शब्द बोलले नाही, कारण माझा अनुभव असा की सल्ला आधी दिला की बाई मान हलवते आणि घरी जाऊन डबा उघडते. फक्त विचारलं, दूध कमी हे तुला पहिल्यांदा कधी वाटलं गं? बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "चौथ्या दिवशी. वजन केल्यावर नर्सबाई कन्नडात कायतरी बोलल्या, मला फक्त 'कडिमी' कळलं."

कडिमी म्हणजे कमी. बस्स, तेवढा एक शब्द घेऊन ती महिनाभर झोपली नव्हती. तायी कार्ड, म्हणजे आई-बाळाच्या नोंदींचं कर्नाटकातलं सरकारी कार्ड, कन्नडात, पण आकडे तर आकडेच ना, जन्माला २.९ किलो, चौथ्या दिवशी २.७. पहिल्या काही दिवसांत सात ते दहा टक्क्यांपर्यंत वजन उतरू शकतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं, हे तिला कुणी तिच्या भाषेत सांगितलंच नव्हतं. माझ्या काट्यावर बाळ भरलं ३.७! ती रडली, मीही जरा खिडकीबाहेर बघितलं.

पण खरी गाठ सासूकडे होती. मी विचारलं, मावशी, दिवसाला लंगोट किती वाळत घालता? "अगं बाई, दहा-बारा! हात मोडले माझे." म्हटलं, वरचं पाणीही नाही, मग हे येतं कुठून? मावशी थांबल्या, सुनेकडे बघितलं आणि पिशवी पायाखाली सरकवली. दिवसाला सहा किंवा जास्त ओले लंगोट आणि वजन वाढतंय तर दूध पुरतंय. संध्याकाळी सारखं मागणं हे बऱ्याच बाळांचं असतंच, उलट बाटली दिली की चोखणं कमी आणि दूधही कमी. हां, बाळ सुस्त पडलं, लघवी कमी झाली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं, तिथं थांबायचं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिन्यांखालची ६३.७ टक्के बाळंच फक्त आईच्या दुधावर होती, बाकीच्यांत अशा पिशव्या किती असतील देव जाणे.

पुढच्या आठवड्यात ती माहेरी चंदगडला जाणार होती आणि कुणीतरी सांगितलेलं, कर्नाटकातलं कार्ड महाराष्ट्रात चालत नाही. मी म्हटलं, सहा आठवड्यांची लस तिकडं सरकारी दवाखान्यात फुकटच मिळते, कार्ड घेऊन जा, तारीख लिहून आण. लस झाल्याचा फोन मावशींनीच केला. जाता जाता म्हणाल्या, "डबा दुकानदार परत घेईना मॅडम, आता चहात घालूलालोय."